नव्वद वर्षांच्या चित्रपटगृहाच्या वर्धापनदिनी कोणता चित्रपट लावावा आणि कसा?

वर्धापनसमिती

आमच्या एकपडदा चित्रपटगृहाला पुढील वर्षी ९० वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने एखादा जुना, अभिजात चित्रपट दाखवावा एवढ्यावर समितीचे एकमत झाले आणि ते एकमत तेथेच संपले. उद्घाटनाच्या दिवशी जो चित्रपट लागला होता तोच पुन्हा लावावा, असे एका गटाचे म्हणणे आहे. दुसऱ्या गटाला आमच्याकडे सर्वाधिक आठवडे चाललेला रंगीत सिनेमास्कोप चित्रपट हवा आहे, कारण आजचा प्रेक्षक नव्वद वर्षांपूर्वीचा कृष्णधवल चित्रपट पाहायला येणार नाही अशी त्यांना खात्री वाटते. मी अद्याप दोन्ही बाजूंचे नुसते ऐकून घेत आहे.

परिस्थिती थोडक्यात सांगतो. केबिनमध्ये ३५ मिलिमीटरचे दोन प्रोजेक्टर आहेत. गेली काही वर्षे त्यांच्यावर खेळ झालेला नसला, तरी आमच्या निवृत्त ऑपरेटरांनी त्यांना तेलपाणी करणे सोडलेले नाही. रोजचे खेळ शेजारच्या डिजिटल प्रोजेक्टरवर होतात. पडदा रुंद, सिनेमास्कोपच्या मापाचा असून तो साठच्या दशकात बसवलेला आहे. उद्घाटनाच्या चित्रपटाची प्रत एका चित्रपट संग्रहालयात आहे, आणि त्याच चित्रपटाची डिजिटल आवृत्तीही उपलब्ध आहे, असे चौकशीअंती कळले. निवड कशाच्या आधारे करावी, प्रत मागवावी की डिजिटलवर भागवावे, आणि परवानग्यांच्या बाबतीत आमच्या नजरेतून काय सुटण्याची शक्यता आहे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

दोनयंत्री

मी ३५ मिलिमीटरची यंत्रे बरीच वर्षे चालवली असल्यामुळे केबिनच्या बाजूने लिहितो. चित्रपटाची निवड इतरांनी सांगावी.

संग्रहालयातील प्रत मागवण्यापूर्वी ती कोणत्या प्रकारच्या फिल्मच्या पट्टीवर आहे हे विचारून घ्या. नव्वद वर्षांपूर्वीच्या मूळ प्रती नायट्रेटच्या असत. ती पट्टी जळताना स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. जुन्या केबिनच्या झरोक्यांवर लोखंडी झडपा आणि केबिनला स्वतंत्र दार असते, ते याच भीतीपोटी. बहुतेक ठिकाणी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचे उत्पादन थांबले, आणि आज खास व्यवस्था व परवाना असलेल्या मोजक्याच केबिनमध्ये ती चालवता येते. तुम्हाला मिळेल ती नंतर काढलेली ॲसिटेटची किंवा पॉलिएस्टरची प्रत असेल. ॲसिटेटची असेल तर डबा उघडल्याबरोबर नाक जवळ न्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला म्हणजे पट्टी कुजू लागली आहे, आणि ती आकसलेली असण्याची शक्यता आहे. आकसलेल्या पट्टीची छिद्रे दातेरी चाकावर नीट बसत नाहीत आणि ती एकामागोमाग फाटत जातात. पॉलिएस्टरची गोष्ट उलटी असते. ती तुटत नाही, आणि म्हणूनच अडकली तर यंत्राचेच नुकसान करते.

दुसरी बाब रिळांची. ध्वनिपट असलेला चित्रपट सेकंदाला २४ चौकटी या वेगाने, म्हणजे मिनिटाला ९० फूट धावतो. २००० फुटांचे रीळ साधारण २२ मिनिटे चालते, आणि दोन तासांच्या चित्रपटाची अशी सहा रिळे होतात. पुढे सोय म्हणून ही सगळी रिळे जोडून एका मोठ्या आडव्या थाळीवर चढवण्याची पद्धत आली. त्यासाठी प्रत्येक रिळाच्या आरंभीची आणि अंतीची पट्टी कापावी लागते, आणि म्हणूनच चित्रपट संग्रहालये सहसा आपली प्रत थाळीवर चालवू देत नाहीत. त्यांना दोन यंत्रे आणि त्यांच्यामधला चेंजओव्हर हवा असतो. तुमची दोन यंत्रे अजून जागेवर आहेत, हे तुमचे मोठे भाग्य समजा. पुष्कळ चित्रपटगृहांनी डिजिटल आल्याबरोबर दुसरे यंत्र भंगारात काढले.

चेंजओव्हर म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावे लागते म्हणून लिहितो. रीळ संपण्याच्या सुमारे आठ सेकंद आधी चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमकतो. तो पाहून दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची. शेवटच्या सेकंदाला दुसरा ठिपका येतो, आणि त्याच्यावर पहिल्या यंत्राची झडप मिटून दुसऱ्याची उघडायची. प्रेक्षकांना काही कळले नाही म्हणजे काम उत्तम झाले.

एक चूक माझ्या हातून झालेली आहे, ती लपवत नाही. अशाच एका समारंभात जुना, जवळजवळ चौकोनी चौकटीचा चित्रपट होता, आणि यंत्रावर आदल्या खेळाचे रुंद चौकटीचे भिंग व चित्राच्या कडा आखणारी पत्र्याची खाच तशीच राहिली. पहिल्या प्रसंगात नायिका उभी राहिली आणि तिचे कपाळ पडद्याबाहेर गेले. मी चौकट खाली ओढली, तर खालची अक्षरे गेली. यंत्र थांबवून भिंग बदलेपर्यंत सभागृहात शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. आदल्या दिवशी एक पूर्ण रीळ चालवून पाहिले असते, तर ती वेळ आली नसती.

पट्टीवाचक

निवडीविषयी बोलण्याआधी समितीने तारीख तपासावी. कोणाची वर्षे मोजायची हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. फ्रान्समधील ला सिओता येथील इडन थिएटर हे जगातील सर्वांत जुन्या चित्रपटगृहांत गणले जाते, आणि डागडुजीनंतर २०१३ मध्ये ते पुन्हा उघडले. पण ती इमारत १८८९ ची आहे, आणि लुमिएर बंधूंनी पॅरिसमधील ग्राँ कॅफेत तिकीट लावून केलेला पहिला जाहीर खेळ २८ डिसेंबर १८९५ चा आहे. म्हणजे चित्रपटगृह सिनेमापेक्षाही वयाने मोठे! तुमच्या दप्तरात परवान्याची तारीख, कोनशिलेची तारीख आणि पहिल्या खेळाची तारीख वेगवेगळ्या निघाल्या तर गोंधळून जाऊ नका. चित्रपटगृहाचा जन्म पहिल्या खेळाला झाला असे मी मानतो, कारण त्याआधी ती नुसती इमारत असते.

आता आवृत्तीविषयी. ‘हा चित्रपट उपलब्ध आहे’ या वाक्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी ‘कोणता?’ हा प्रश्न जरूर विचारावा. ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाचे उदाहरण बऱ्याच जणांना ठाऊक असेल. जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला पहिला खेळ झाल्यानंतर त्या चित्रपटाला कात्री लागली, आणि अनेक दशके लोक त्याचे तुटके रूप पाहूनच त्यावर चर्चा करत राहिले. २००८ मध्ये ब्युनॉस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात १६ मिलिमीटरची एक प्रत उजेडात आली, तिच्यातून सुमारे २५ मिनिटांचा हरवलेला भाग मिळाला, आणि २०१० मध्ये तो जोडून चित्रपट पुन्हा पडद्यावर आला. जोडलेल्या भागावर ओरखड्यांचा पाऊस दिसतो, पण तो पाहताना कोणी कुरकुर करत नाही, कारण काय सापडले आहे हे लोकांना आधी सांगितलेले असते. तुमच्या प्रतीतही एखादे रीळ खराब असेल किंवा एखादा प्रसंग तुटलेला असेल, तर खेळापूर्वी दोन वाक्यांत तसे सांगून टाकावे.

परवानगीबाबत सर्वांत जास्त होणारी चूक अशी की, प्रत मिळाली म्हणजे दाखवण्याचा हक्क मिळाला असे गृहीत धरले जाते. संग्रहालय प्रत सांभाळते, पण चित्रपटाचे हक्क निर्मात्याच्या वारसांकडे, एखाद्या वितरकाकडे किंवा हक्क विकत घेतलेल्या तिसऱ्याच कंपनीकडे असू शकतात. दोन्ही ठिकाणची लेखी संमती हवी. मूकपट निवडला आणि त्यावर नव्याने रचलेले संगीत वाजवले, तर त्या संगीताचे हक्क आणखी वेगळे. डिजिटल आवृत्ती कुलूपबंद असल्यास तिची किल्ली ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक मुदतीपुरतीच चालते. म्हणून आदल्या दिवशीच्या तालमीची वेळही त्या मुदतीत बसवून घ्यावी. खेळाच्या संध्याकाळी सहापासून चालू होणारी किल्ली तालमीच्या काहीच कामाची नाही.

मखमलीपडदा

वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, पण मूळ वादात मला वेगळी बाजू घ्यायची आहे. वर्धापनदिन चित्रपटाचा नाही, वास्तूचा आहे. मग वास्तूला काय दाखवता येते, यावरून चित्रपट का निवडू नये?

नव्वद वर्षांपूर्वी बांधलेले सभागृह एका विशिष्ट आकाराच्या चित्रासाठी बांधलेले असते. ध्वनिपट स्थिरावल्यानंतर १९३२ मध्ये अमेरिकेत उंचीला १ तर रुंदीला १.३७ असे चौकटीचे प्रमाण ठरले, आणि पुढील दोन दशके जगभर बहुतेक चित्रपट त्याच मापात निघाले. १९५३ मध्ये सिनेमास्कोप आला, तेव्हा जुन्या सभागृहांपुढे अडचण उभी राहिली. मंचाची कमान अरुंद आणि नवे चित्र तिच्यापेक्षा रुंद! अनेकांनी त्यावर सोपा तोडगा काढला. कमानीच्या पुढे लोखंडी चौकट उभी केली आणि तिच्यावर नवा रुंद पडदा ताणला. जुनी कमान मागे अंधारात राहिली. तुमचा पडदा साठच्या दशकातला आहे असे तुम्ही लिहिले आहे. म्हणून माझी विनंती अशी की, चित्रपटावर आणखी एक बैठक घेण्याआधी कोणीतरी बॅटरी आणि मोजपट्टी घेऊन पडद्यामागे जाऊन यावे.

ध्वनीलाही हेच लागू आहे. जुन्या चित्रपटाचा आवाज एकमार्गी असतो आणि तो पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधूनच यायला हवा. डिजिटल आवृत्तीत कोणी हौसेने तो चारी भिंतींवर पसरवला असेल, तर तुमच्या उंच छताच्या सभागृहात तो घुमेल आणि संवाद अर्धे ऐकू येतील.

शिवाय मखमली पडदा अजून चालत असेल, तर तो चालवा. चित्राचे पहिले किरण मखमलीवर पडावेत आणि मग ती बाजूला सरकावी, हे पाहिलेली माणसे आता कमी उरली आहेत.

मागचीरांग

मी सामान्य प्रेक्षक आहे, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. कमान, भिंग, ठिपके हे सर्व जाणकारांचे कौतुक झाले. तिकीट काढून येणाऱ्याला स्पष्ट चित्र, स्वच्छ आवाज आणि धरून ठेवणारी गोष्ट हवी असते. डिजिटल आवृत्तीत चित्र हलत नाही, ओरखडे नसतात आणि मध्येच पट्टी तुटण्याची भीती नसते. मग एवढी जोखीम कशासाठी? उद्घाटनाचा चित्रपट आजच्या डोळ्यांना कंटाळवाणा निघाला, तर अर्धे सभागृह अर्ध्यातच उठून जाईल. समितीने हाही विचार करावा.

दोनयंत्री

मागचीरांग यांचा मुद्दा मी टाळणार नाही. आळसाने चालवलेली प्रत आणि काळजीने चालवलेले डिजिटल यांत निवड करायची असेल, तर मीही डिजिटलच निवडीन. पण डिजिटल म्हणजे बिनचूक, हा समज खरा नाही. रुंद पडदा भरलेला दिसावा म्हणून १.३७ ची चौकट १.८५ मध्ये कोंबली, तर वरून आणि खालून मिळून चित्राचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग जातो. हे डिजिटल प्रोजेक्टरवरही एक बटण चुकीचे दाबल्याने होते, आणि तेथे कोणी शिट्टीसुद्धा वाजवत नाही, कारण चित्र स्वच्छ असते. मूकपटांचे हाल याहून वाईट. ते सेकंदाला १६ ते २४ चौकटींच्या दरम्यान कोणत्याही वेगाने चालवले जात. १८ चौकटींचा मूकपट २४ ने पळवला, तर ८० मिनिटांची गोष्ट ६० मिनिटांत उरकते आणि शोकांतिकेतली माणसे तुरुतुरु धावू लागतात. जुने चित्रपट हास्यास्पद असतात असा ग्रह ज्यांनी करून घेतला आहे, त्यांतील बऱ्याच जणांनी ते चुकीच्या वेगाने पाहिलेले असतात.

आणि पट्टीवरच्या चित्राचे एक सांगायचे राहिले. ते किंचित हलते, हे खरे आहे. प्रत्येक चौकट यंत्रातील दिव्यासमोर क्षणभर थांबते, यंत्राची झडप तिच्यावर दोनदा उघडझाप करते आणि मग ती पुढे सरकते. सेकंदाला २४ चौकटी आणि ४८ झगमगाट. ही किंचित थरथर दोष मानायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी ती दोष मानत नाही. समारंभासाठी डिजिटल आवृत्ती राखीव म्हणून तयार ठेवा, म्हणजे आदल्या रात्री समितीला निर्धास्त झोप लागेल.

वर्धापनसमिती

सर्वांचे आभार. मखमलीपडदा यांचे ऐकून काल आम्ही तिघे पडद्यामागे गेलो. तेथे जाण्याचे लहान दार स्पीकरच्या खोक्यामुळे जेमतेम हातभर उघडते, म्हणून आमच्यातील सर्वांत सडपातळ सदस्यास पुढे धाडले.

कमान आहे. पूर्ण आहे. डाव्या खांबावर नंतरच्या वायरिंगसाठी पाडलेली दोन भोके वगळता चुन्याचे नक्षीकाम शाबूत आहे, आणि धुळीच्या थराखाली बोट फिरवल्यावर फिकट हिरवा रंग दिसला, जो सभागृहात इतरत्र कोठेही उरलेला नाही. कमानीच्या आत मूळ पडद्याची लाकडी चौकटही भिंतीला टेकून उभी आहे. तिची आतली रुंदी १८ फूट आणि उंची १३ फूट एक-दोन इंच भरली. भागाकार केला तर जवळजवळ १.३७ येतात. आमच्या ऑपरेटरांनी हा आकडा दोनदा ताडून पाहिला आणि मग काही न बोलता चौकटीवर हात ठेवून उभे राहिले.

योगायोग असा की, सध्याचा रुंद पडदा जीर्ण झाला आहे आणि तो पुढील वर्षी बदलायचे आधीच ठरलेले आहे. जुना पडदा उतरवणे आणि नवा ताणणे यांमध्ये काही दिवसांचे अंतर ठेवता येईल. त्याच दिवसांत वर्धापनदिन बसवायचा आणि मूळ जागी, मूळ मापाच्या चौकटीवर पांढरे कापड ताणून उद्घाटनाचाच चित्रपट दाखवायचा, असा प्रस्ताव मी आज समितीपुढे ठेवला. सिनेमास्कोपवाल्या गटाला नव्या पडद्यावरचा पहिला चित्रपट देण्याचे ठरले, त्यामुळे त्यांचीही हरकत उरली नाही. मागचीरांग यांच्या शंकेला उत्तर म्हणून तिकिटावर चित्रपटाची लांबी आणि तो कृष्णधवल असल्याचे स्पष्ट छापणार आहोत, म्हणजे कोणाची फसगत होणार नाही. संग्रहालयाने प्रत ॲसिटेटची असून अलीकडेच तपासलेली असल्याचे कळवले आहे, आणि दोन यंत्रांवर चेंजओव्हरने चालवण्याचीच अट घातली आहे.

आता अडचण भिंगाची आहे. रुंद पडद्यासाठी असलेली आमची भिंगे एवढ्या लहान चित्रासाठी चालणार नाहीत, असे ऑपरेटर म्हणतात.

दोनयंत्री

त्यांचे बरोबर आहे. केबिनपासून पडद्यापर्यंतचे अंतर गुणिले यंत्रातील पत्र्याच्या खाचेची रुंदी, भागिले पडद्यावरील चित्राची रुंदी, असा हिशेब करा. १.३७ साठी पत्र्याच्या खाचेची रुंदी साधारण २१ मिलिमीटर असते. तुमचे अंतर ९० फूट असेल, तर १८ फुटी चित्रासाठी सुमारे १०५ मिलिमीटरचे भिंग लागेल. अंतर नकाशावरून न घेता दोरी लावून प्रत्यक्ष मोजा, आणि ते जुन्या चौकटीपर्यंत मोजा, सध्याच्या पडद्यापर्यंत नव्हे. झरोका उंचावर असल्याने चित्र खाली थोडे पसरट येईल. तेवढ्यासाठी खाचेचा पत्रा किंचित छोटा ठेवून कानस मारत मारत कडा जुळवून घ्याव्यात.

एक लक्षात असू द्या. भिंगे दोन लागतील आणि ती अगदी एकसारखी हवीत. एक १०५ आणि दुसरे १०० असे लावलेत, तर दर रिळागणिक चित्र लहानमोठे होईल आणि मग ठिपके लपवून काही उपयोग नाही.

वर्धापनसमिती

दोरीने अंतर ९१ फूट भरले, म्हणजे १०५ चालेल असे दिसते. आमच्या कपाटात त्या मापाचे एकच भिंग निघाले, तेही काचेवर बुरशीचा एक बारीक तंतू असलेले. नळीचा व्यास ७०.६ मिलिमीटर आहे. कोणाकडे जोडीची दोन १०५ ची भिंगे वापराविना पडून असतील, तर समारंभापुरती उसनी मिळावीत, आम्ही ती पुसून परत करू.